दहा वाजले, आवाज बंद!

मैत्रिणींनो, घरातला आवाज कसा आटोक्यात ठेवायचा हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. बाळाचा डोळा लागला की कुकरची शिटी व्हायच्या आत आपण गॅस बारीक करतो. सासरे आडवे झाले की टीव्ही हळू होतो. मुलगी दहावीला असली की वर्षभर मिक्सरसुद्धा तिच्या अभ्यासाच्या वेळा सांभाळून फिरतो. परंतु कुंपणापलीकडून येणाऱ्या आवाजापुढे मात्र आपण हात टेकतो. ‘चालायचंच, लग्नसराई आहे,’ असे म्हणून खिडक्या लावून घेतो आणि कूस बदलत पडून राहतो.

पण हा आवाज आता चार दिवसांचा राहिलेला नाही. पूर्वी कार्य दारातल्या मांडवात व्हायचे, बँड वाजायचा, वरात निघायची आणि दुसऱ्या दिवशी मांडव उतरायचा. पुढे गावाबाहेरच्या शेतांत ‘लॉन्स’ झाली आणि वस्ती वाढत वाढत त्यांच्या कुंपणाला जाऊन टेकली. बायपासला गार्डन रेस्टॉरंट आले, परमिट रूमच्या गच्चीवर शनिवार-रविवारी गाणी सुरू झाली. लग्नसराई संपली तरी साखरपुडे, वाढदिवस, कंपन्यांच्या पार्ट्या चालूच असतात. पुण्यात कल्याणीनगर, कोरेगाव पार्ककडच्या रहिवाशांनी गच्चीवरच्या पबविरुद्ध तक्रारी केल्या. गोव्यात हणजूण-वागातोरच्या लोकांना रात्रीच्या मोकळ्यावरच्या संगीतापायी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे जावे लागले. आपल्या तालुक्याच्या गावात ‘पब’ अशी पाटी नसेल, पण रात्री साडेअकराला छातीत धडधडणारा तो ‘बेस’ सगळीकडे सारखाच!

नुसता त्रास नव्हे

झोपायच्या खोलीत रात्री सरासरी ३० डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सुचवले होते. ३० डेसिबल म्हणजे जवळजवळ कुजबुज. मोठ्या आवाजाने आपण जागे झालो नाही तरी शरीर जागे होते. हृदयाचे ठोके वाढतात, गाढ झोप उथळ होते. विमानतळ आणि मोठे रस्ते यांच्याजवळ केलेल्या पाहण्यांत, वर्षानुवर्षे अशा गोंगाटात राहणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. लॉनवर रात्री मोठे कार्य झाले असले, की दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला त्या बाजूची मुले कोणती हे हजेरी न घेताही ओळखता येते.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. अशा आवाजात घरातली हाक घराला ऐकू येत नाही. न्हाणीघरात घसरलेल्या आजींची हाक, पाळण्यातल्या बाळाचे रडणे, दार वाजवणारी शेजारीण, यांतले काही कानावर येत नाही.

हे मी उगाच घाबरवण्यासाठी लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणाविषयी एक मोठा निकाल दिला. त्यातली एक याचिका अनिल मित्तल या अभियंत्याने केली होती. ती करायला कारण घडले ते असे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती, पण शेजारी लाउडस्पीकरवर गाणी लागली होती. तिचा आवाज कुणापर्यंत पोचलाच नाही. त्या मुलीने नंतर स्वतःला जाळून घेतले. जानेवारी १९९८ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली. न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच या प्रसंगाची नोंद केली आहे. शांततेने जगणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे आणि कुणालाही नको असलेला आवाज जबरदस्तीने ऐकवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘एवढं काय, गाणीच तर आहेत’ म्हणाले, तर त्या मुलीची आठवण ठेवा.

आवाज मोजतात कसा?

डेसिबलचे गणित आपल्या नेहमीच्या बेरजेसारखे नसते. दहा डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ५५ च्या जागी ७५ झाले तर ‘वीसच वाढले’ असे समजायचे नाही, ऊर्जा शंभरपट झालेली असते! शेजारी बसून बोलतो तो आवाज ६० च्या आसपास आणि ओट्यावर फिरणारा मिक्सर ८० च्या पुढे. एकाच स्पीकरचा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की साधारण सहा डेसिबलने उतरतो. त्यामुळे स्पीकर कुठे ठेवला आणि त्याचे तोंड कोणीकडे, याने पुष्कळ फरक पडतो.

मोबाइलवर आवाज मोजायची सोय मिळते. तो आकडा अंदाजाचा असतो, अधिकृत नव्हे. अधिकृत मोजमाप पोलीस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ आपल्या यंत्राने करते. तरीही तक्रारीत ‘खूप आवाज’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘आमच्या गॅलरीत मोबाइलवर सुमारे ७८ दाखवत होते’ हे केव्हाही बरे.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम केंद्र सरकारने २००० साली केले. ते समजायला वकील लागत नाही. एवढेच लक्षात ठेवा:

१. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. बाजारपेठेच्या भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र होऊ शकते, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर शासनाने तसे जाहीर केलेले असावे लागते.

२. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते ६ तो मोकळ्या जागेत वाजवायचाच नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच आपल्याला फसवले जाते. ‘आमचा आवाज मर्यादेत आहे, मोजून बघा,’ असे लॉनवाले म्हणतात. दहानंतर मोकळ्यावर स्पीकर वाजतो आहे हाच नियमभंग असतो, त्याला यंत्र लागत नाही.

३. बंद सभागृहात दहानंतर वाजवता येते, पण तो आवाज आतल्या आत राहायला हवा. खाजगी जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त चालतात. म्हणजे राहत्या वस्तीत रात्री ५०. दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून ‘हॉल बंद आहे’ म्हणता येत नाही.

४. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते. ते दिवस आधी जाहीर होतात. कुणाच्या घरचे लग्न किंवा हॉटेलचा वर्धापनदिन त्या सवलतीत बसत नाही.

या नियमांच्या भंगाला पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती. कायद्यात बदल झाल्यामुळे १ एप्रिल २०२४ पासून ती जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंड आला आहे. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३८ खाली लोकांना उपद्रव देणारे संगीत थांबवण्याचे आदेश पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त देऊ शकतात. सतत चालणाऱ्या उपद्रवासाठी प्रांताधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे.

हे हक्क आपल्याला आयते मिळालेले नाहीत. मुंबईचे डॉ. यशवंत ओक १९८० च्या दशकापासून आवाजाविरुद्ध झगडत आले. सुमैरा अब्दुलअली यांनी आवाजमापक हातात घेऊन रस्त्यावरचे आकडे न्यायालयापुढे ठेवले. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये तक्रारींची यंत्रणा उभारण्याचे आदेश दिले. तक्रार करणाराचे नाव उघड करू नये, हे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बजावले.

आधी बोलून पाहा

आमच्या वसाहतीचा अनुभव सांगते. मागच्या बाजूला लॉन आणि त्याला लागून रेस्टॉरंट. तुळशीचे लग्न लागले की आमच्या रात्री सुरू! घरात विषय काढला की पुरुषमंडळींचे उत्तर ठरलेले, “कशाला वाकड्यात शिरता? मालकाचे हात वरपर्यंत पोचलेत.” शेवटी आम्ही पाचजणी दुपारच्या वेळी, कार्य नसताना, व्यवस्थापकांना भेटायला गेलो. ही वेळ महत्त्वाची. ऐन कार्यात गेलात तर पाहुण्यांपुढे त्यांना पडते घेता येत नाही, आणि पिऊन आलेल्यांशी बोलण्यात अर्थ नसतो.

व्यवस्थापक म्हणाले, “ताई, एक दिवस सहन करा की. लोकांच्या घरचं कार्य असतं.”

आमच्या शेजारच्या काकू शांतपणे म्हणाल्या, “दादा, त्यांचं कार्य एका दिवसाचं, आमची मात्र रोजचीच रात्र.”

आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. स्पीकरची तोंडे वस्तीकडून वळवून हमरस्त्याकडे करा, दहाला मोकळ्यावरचे बंद करा, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या. लॉन बंद करा असे आम्ही म्हटले नाही. तिथे आमच्याच गल्लीतल्या दोघी वाढपाचे काम करतात, एकीच्या दिराचे केटरिंग आहे. तिने अर्जावर सही केली नाही. आम्हीही आग्रह धरला नाही, की तिच्याशी बोलणे टाकले नाही.

तीन आठवडे बरे गेले, मग पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा वही घातली. दोन महिन्यांत तिची सहा पाने भरली. त्या वहीची नक्कल आणि अकरा घरांच्या सह्या घेऊन आम्ही आधी पोलीस ठाण्यात आणि नंतर उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेलो. पहिल्या खेपेला ‘बघतो’ एवढेच ऐकले. दुसऱ्या खेपेला वही टेबलावर ठेवली तेव्हा साहेबांनी पाने उलटली, लॉनच्या मालकांना बोलावून घेतले आणि लेखी समज दिली. आता स्पीकर हमरस्त्याकडे आहेत आणि दहानंतरचे संगीत आतल्या हॉलमध्ये गेले आहे. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. अजून एखाद्या रात्री सव्वादहा होतात, पण मग एका फोनवर थांबते. आमच्या गल्लीतल्या ज्या आजी महिन्यातून आठ-आठ दिवस लेकीकडे झोपायला जायच्या, त्या आता आपल्या घरी झोपतात.

तक्रार कशी करावी?

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण इथे अगदी लागू पडते. फोन करायला कचरू नका. ११२ वर फोन करा, ठिकाण आणि किती वाजल्यापासून वाजते आहे एवढे सांगा. नाव सांगायची सक्ती नाही. फोनची वेळ वहीत टिपून ठेवा.

वहीला रकाने असे पाडा: तारीख, केव्हा सुरू, केव्हा बंद, काय वाजत होते, मोकळ्यावर की आत, कुणाला फोन केला, काय उत्तर मिळाले. घरात कुणी आजारी असेल, परीक्षा असेल, तर तेही लिहा. मोबाइलवर मिनिटभराचे चित्रण घ्या, ते आपल्याच गॅलरीतून घ्यायचे. रात्री एकटीने तिकडे जाऊ नका.

अर्ज साधा असावा. नमुना देते:

‘मा. पोलीस निरीक्षक यांस, आमच्या वसाहतीच्या मागील लॉनवर सोबतच्या तक्त्यातील तारखांना रात्री १० नंतर मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक वाजवण्यात आले. ध्वनिप्रदूषण नियम २००० मधील नियम ५ चा हा भंग आहे. वस्तीत वृद्ध, रुग्ण व विद्यार्थी आहेत. कृपया कारवाई करून आम्हास लेखी कळवावे, तसेच तक्रारदारांची नावे गुप्त ठेवावीत.’

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. एक प्रत नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्या. दारूचा परवाना असलेले ठिकाण असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागालाही द्या, आणि गच्ची परवान्याच्या मंजूर नकाशात आहे का, ते विचारा. महिनाभरात काही हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून ‘आमच्या अर्जावर काय कारवाई केली?’ एवढाच प्रश्न विचारा. त्यांना तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. एकटीच्या पाच अर्जांपेक्षा दहा घरांचा एक अर्ज जास्त वजनदार ठरतो, आणि कुणा एकीवर रोषही येत नाही.

तोवर घरात काय करता येईल?

जाड पडद्यांनी खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेरचा आवाज मात्र फारसा अडत नाही. तो फटींतून येतो. म्हणून खिडकीच्या झडपांना रबराची पट्टी लावून घ्या, दाराखालची फट बंद करा. बारीक, उंच आवाज याने बराच उतरतो. ‘बेस’ची धडधड मात्र भिंतीतूनही येते, तिला घरगुती उपाय नाही. सर्वांत सोपे म्हणजे म्हाताऱ्या माणसांची आणि बाळाची झोपायची जागा लॉनच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत हलवणे. मोठ्यांनी कानात फोमचे बोळे घालायला हरकत नाही, पण घरातल्या एकाने तरी कान मोकळे ठेवावेत.

आणि आपल्या घरचे कार्य असेल तर?

इथे मात्र ‘आपला तो बाब्या’ होऊ द्यायचे नाही. हॉल ठरवायला बहुधा आपणही जातो. मेनू, फुले, स्टेज यांच्याबरोबर हेही विचारा: दहानंतर आतली सोय आहे का? जनरेटर आणि स्पीकर वस्तीच्या बाजूला तर नाहीत? हळदीचा नाच सहा वाजता सुरू केला तर मुलांना चार तास नाचायला मिळते, आणि म्हाताऱ्यांनाही बघता येते. साऊंडवाल्याला सुपारी देतानाच ‘दहाला वायर काढायची’ हे पावतीवर लिहून घ्या, म्हणजे आयत्या वेळी भाचे-पुतणे ‘आणखी एकच गाणं’ म्हणाले तरी वाद होत नाही. भिंतीएवढी स्पीकरची रास एका जागी रचण्यापेक्षा लहान स्पीकर चार ठिकाणी, आतल्या बाजूला तोंड करून ठेवले, तर पाहुण्यांना नीट ऐकू येते आणि कुंपणाबाहेर कमी जाते. शेजारच्या घरांत आदल्या दिवशी पेढ्यांबरोबर निरोप पाठवा, ‘दहाला बंद करू.’ आणि खरोखरच दहाला बंद करा.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी साऱ्याजणी जमतील तेव्हा वाणाबरोबर एक कागद फिरवा. त्यावर प्रत्येकीचे नाव, फोन नंबर, आणि घरात कुणी वृद्ध, आजारी किंवा परीक्षेला बसणारे असेल तर त्याची नोंद घ्या. पोलीस ठाण्याचा नंबरही त्यावर लिहून ठेवा. आणि शंभर पानी वही आजच विकत आणा. पहिल्या पानावर रकाने पाडायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.